जावळी घोंगडी

नातीच्या शिबिराची यादी फोनवर आली. रेवा यंदा गाईडमध्ये गेली आहे, नवा निळा गणवेश घालून आरशासमोरून हलत नाही, आणि तीन दिवसांच्या शिबिराला काय काय न्यायचं ते शाळेनं तिच्या आईच्या फोनवर पाठवलं आहे. टॉर्च, पाण्याची बाटली, दोरी, शिट्टी, ताट-वाटी-पेला, स्लीपिंग बॅग. रविवारी आम्ही सगळे सांगलीच्या बाजारात गेलो. मला कशाला नेलं ते माझ्या मुलालाच माहीत, गाडीत मागं जागा रिकामी होती म्हणून असेल. दुकानदारानं केशरी रंगाची एक झोपायची पिशवी पसरून ठेवली आणि तिच्या थंडी-वाऱ्याच्या गोष्टी सांगायला लागला. मी ती पिशवी उलटी केली आणि आतलं अस्तर गालाला घासून पाहिलं. रेवानं इकडंतिकडं बघत माझा हात ओढला. "आज्जी, काय करतेयस?" मी म्हटलं, "टोचतंय का बघतेय." दुकानदार हसला, मुलगा हसला, मीही हसले. घरी आले, खोलीचं दार लोटून बसले आणि त्या दिवशी जेवायला उठले नाही. सुनेला वाटलं, बाजारात फिरून माझे पाय दुखले. माझे पाय काही दुखत नव्हते. या आठवणी लिहायला घेतल्यापासून दोनदा मी या जागेला वळसा घालून पुढं गेले आहे. आता वळसा घालायला पुढं फारसं काही उरलं नाही, तेव्हा लिहून टाकते.

मी तेव्हा माधवनगरला आत्याकडे राहून शिकत होते. आत्याचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणत असू, कापडाच्या गिरणीत कामाला होते. चाळीतल्या दोन खोल्या, पुढं अंगणात एक तुळस आणि एक सायकल. सकाळ भोंग्यानं व्हायची. पहिला भोंगा झाला की आत्या चुलीला लागे, दुसऱ्याला मामा सायकलवर टांग टाकत, तिसऱ्याला मी वेणीला रिबीन बांधत असे. मामांच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाची लव बसलेली असायची आणि ते कायम थोडं मोठ्यानं बोलायचे, कारण दिवसभर मागांच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू जात नसे. आत्याची ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ व्हायची, वर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल. मला तिथं कसलाच त्रास नव्हता. आत्यानं मला पोटच्या पोरीसारखं वागवलं, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढं वाचणाऱ्याला वाटायचं की पोर दुःखात होती म्हणून तसं वागली. मी अजिबात दुःखात नव्हते. मी चांगली खात्यापित्या घरातली, वर्गात पहिल्या पाचांत येणारी आणि मनातून चांगलीच मानभावी मुलगी होते.

आईवडील मात्र वर्षातले सात-आठ महिने चालत असायचे. आमचं गाव आटपाडीच्याही पलीकडं, जिथं पाऊस वाट चुकल्यासारखा येतो. दिवाळी झाली की आप्पा मेंढरं घेऊन पश्चिमेला निघत. घोड्यावर भांडीकुंडी, कोंबड्या, कोकरं, आणि मागून आई. सातारच्या बाजूला शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, तिथं चार दिवस इथं, आठ दिवस तिथं असा मुक्काम पडे. त्या मुक्कामाला आमच्यात वाडा म्हणतात. शाळेत एकदा मी 'आमचा वाडा' असा निबंध लिहिला होता, तो वाचून बाईंना वाटलं आमची मोठी माडी-बिडी आहे. मी त्यांचा गैरसमज काढला नाही. गैरसमज काढायचा नाही ही माझी खोड तेव्हापासूनची.

म्हणजे पाहा, माझं सगळं घर उघड्यावर राहत होतं. तीन दगडांची चूल, वाऱ्याची दिशा बघून टाकलेलं पाल, अंधार पडायच्या आत गोळा केलेलं जळण, हुलग्याचं माडगं, कुत्र्यांचं भुंकणं आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या. शाळेत जे तीन दिवसांत शिकवणार होते ते आमच्यात कुणी कुणाला शिकवत नसे, चालता चालता ते अंगात भिनायचं. आणि त्याच घरातली मी, गाईडमध्ये नाव घातलं म्हणून शिबिराच्या सामानाची यादी हातात घेऊन हरखले होते. बाईंनी ती स्वतःच्या हातानं लिहून सायक्लोस्टाईल करून वाटली होती. वर शाळेचं नाव, खाली दिवस, मग ठिकाण, मग सामान. कागदाला शाईचा वास येत होता. तो वास मला फार आवडला होता.

माझी मैत्रीण पद्मा. तिचे वडील सांगलीत हळदीचे व्यापारी, जैन. तिचं सामान एका दिवसात आलं. चंदेरी झाकणाची पाण्याची बाटली, पितळी शिट्टी, पोपटी रंगाची नायलॉनची दोरी आणि वाघाचं चित्र असलेला एवढा जाड रग. गाईडचा चामड्याचा पट्टा त्यांच्यात चालत नाही म्हणून वडिलांनी बाईंना भेटून कापडी पट्ट्याची परवानगी काढली होती. पद्मानं सगळं त्यांच्या माडीवर सतरंजीवर मांडून ठेवलं होतं आणि रोज एक मुलगी ते बघायला जायची. मी दोनदा गेले. त्या वाघाच्या पाठीवरून हात फिरवला.

आत्यानं तिच्या परीनं सगळं केलं. गिरणीतल्या मांजरपाटाची खांद्याला अडकवायची पिशवी शिवली, तिला दोन खिसे, एका खिशावर रेशमी दोऱ्यानं 'मं' काढला, माझं नाव मंगल म्हणून. ताट-वाटी घरातलीच दिली. राहिलं पांघरूण. आत्याकडची वाकळ जड, भिजली तर दोन दिवस वाळायची नाही. "तुझ्या बापाकडं घोंगडी काय कमी हाईत?" आत्या म्हणाली. "जा की रविवारी कोरेगावला. गाठ पडंल, बाळाला बघून येशील." आप्पांचा वाडा तेव्हा कोरेगावच्या अलीकडं एका मळ्यात बसला होता.

बाळाबद्दल सांगायला हवं. माझ्यानंतर अकरा वर्षांनी आईला मुलगा झाला होता, दसऱ्याच्या सुमाराला. बिरोबाला किती नवस बोलले होते त्याचा हिशेब देवालाच ठाऊक. नावही बिरूच ठेवलं. तो झाला तेव्हा मी गावी जाऊन त्याला मांडीवर घेतलं होतं, सगळ्यांसारखी मीही हसले होते. पण त्याला ज्यात गुंडाळलं होतं त्याचा काठ मी बोटांत धरून ठेवला. ती माझी घोंगडी होती.

आमच्यात कोकराची पहिली लोकर कातरतात तिला जावळ म्हणतात, लेकराच्या पहिल्या केसांना म्हणतात तसंच. त्या लोकरीची घोंगडी ती जावळी घोंगडी. दोन-तीन वर्षं कोकरांची जावळं साठवायची, आईनं ती चालता चालता चातीवर कातायची, मग गावच्या सणगराकडून विणून घ्यायची. एका घरात अशी एकच असते, एवढं सूत पुन्हा कोण कातणार. मोठ्या माणसाची काळी घोंगडी टोचते, नव्या माणसाला तर अंगाला आग लागल्यागत होतं. जावळी मात्र लोण्यासारखी. आमची तपकिरी होती, काठाला पांढरी रेघ. ती माझ्या जन्माच्या वेळी विणलेली. मी तिच्यात वाढले, तिचं टोक चोखत झोपले, आणि आत्याकडं आले तेव्हा ती आईनं ठेवून घेतली होती.

रविवारी पॅसेंजरनं कोरेगावला गेले. मळ्यात पोहोचले तेव्हा आई चुलीवर माडगं ढवळत होती आणि तीन काठ्यांच्या घोडीला झोळी बांधून बिरू आत निजला होता. झोळीतून त्या तपकिरी घोंगडीचा काठ बाहेर आला होता. आप्पा मेंढरं मळ्याच्या कडेला लावून आले, पागोटं काढून डोकं खाजवलं आणि माझ्यापुढं उकिडवे बसले. "वाच बगू. काय काय पायजे म्हनत्यात तुजं मास्तर."

मी उभी राहून वाचायला लागले, वर्गात धडा वाचतात तशी ठसक्यात, श्वास न घेता. दिवस वाचले. "ठिकाण जावळी घोंगडी एक काठी एक दोरी दहा हात शिट्टी एक..."

"थांब थांब," आप्पा म्हणाले. "शिट्टी कशाला इकत घ्याची? तोंड हाय की." आणि त्यांनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की मळ्याच्या दुसऱ्या टोकाचं कुत्रं उठून बसलं. आई हसली. मग आप्पांनी भुवया आवळल्या. "आन् त्येच्या आदी काय वाचलंस? जावळी घोंगडी?"

मी कागदाकडं बघितलं. 'ठिकाण : जावळी' ही एक ओळ होती. तिच्याखाली 'सामान' असं बारीक लिहिलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. त्याच्याखाली 'घोंगडी किंवा रग – १', त्यातलं 'किंवा रग'ही मी घाईत गिळलं होतं. मेढ्याजवळच्या एका गावी शिबिर होतं, जावळी तालुक्यात. बाईंनी नुसतं जावळी लिहिलं, कारण शाळेत सगळ्यांना ते कळत होतं.

"शाळंला जावळीच लागती व्हय?" आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, अचंबा होता, आणि थोडा अभिमानही. "शानी दिसत्यात मास्तर लोकं. कुनाला म्हाईत आसतंय आता जावळीचं? बगितलंस का गं," ते आईला म्हणाले, "शिकल्याल्या मान्सांस्नीबी कळतंय, घोंगडी म्हंजी जावळीच."

मी तोंड उघडलं होतं. हे मी शपथेवर सांगते, तोंड उघडलं होतं. 'आप्पा, ते जागंचं नाव हाय' एवढंच म्हणायचं होतं. पण पालाच्या काठीवर आप्पांची काळी घोंगडी टाकलेली होती, दोन जागी ठिगळ लावलेली, मेंढराच्या मुताचा वास मारणारी. तिच्या शेजारी मला पद्माचा वाघ दिसला. आणि झोळीतून बाहेर आलेला तो तपकिरी काठ दिसला, माझा काठ. मी तोंड मिटलं.

"आवं, आन् बाळाला?" आई म्हणाली.

"चार दीस तर हाय. माजी हाय की, दुमडून घाल."

"ती टोचती त्येला."

"लुगड्याचा पदर लाव आतनं. शाळंनं मागितली हाय, पोरीला काय रिकामी धाडायची? चार लोकांत जानार ती."

आप्पांच्या मनात शाळेबद्दल जो धाक होता, तोच तिच्याही मनात होता. शाळेनं मागितलं म्हणजे सरकारनं मागितलं. तिनं बिरूला उचलून छातीशी धरलं, झोळीतून घोंगडी काढली, झटकली, आणि तिची अशी घट्ट वळकटी केली की ती हातभर लांबीची नुसती एक गुंडाळी झाली. घायपाताच्या दोरीनं बांधली. आईची गाठ वेगळी असायची, घोड्यावरचं ओझं चालताना सुटू नये म्हणून ती दोरीचं टोक दोनदा आत घेऊन तिसऱ्यांदा उलटं काढायची. बिरू रडायला लागला होता. आप्पांनी ठरवून टाकलं, "येताना तुमची गाडी कोरेगावला थांबती. म्या हुबा ऱ्हातो. खिडकीतनं दे, म्हंजे लगीच बाळाला हुईल."

आता ती मळ्यातली दुपार आठवते तेव्हा मला सगळ्यात जास्त राग येतो तो माझ्या हलक्या पावलांचा. वळकटी खांद्याला लावून मी स्टेशनपर्यंत जवळजवळ उड्या मारत गेले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही शिबिराला निघालो. ते छानच झालं असणार. मला त्यातलं फार कमी आठवतं. मेढ्याच्या बाजूची हवा आमच्याकडच्यासारखी कोरडी नाही, सकाळी गवतातून चाललं की परकर पोटरीपर्यंत भिजायचा आणि समोरचा डोंगर दहा वाजेपर्यंत दिसायचा नाही. दात वाजायचे. पद्मा सूर्य मावळल्यावर जेवत नाही म्हणून बाईंनी सगळ्यांचाच स्वयंपाक उजेडात उरकायला लावला होता, तेवढं आठवतं. आणि पहिल्या दिवशीची सामानाची तपासणी. आपापलं सामान पायाशी ठेवून रांगेत उभं राहायचं होतं. बाई यादी हातात घेऊन एकेकीपुढं थांबत होत्या. माझ्यापाशी आल्या, वळकटीकडं बघून म्हणाल्या, "अरे वा, घोंगडी. चांगली असते हो उबेला." आणि पुढं गेल्या. बाईंना घोंगडी कुठली आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पद्मानं मात्र नाक मुरडलं. "मंगल, कसला वास येतोय गं? बाळंतिणीच्या खोलीगत." दोन मुली फिसकन हसल्या.

वास येतच होता. वेखंडाचा, ओव्याच्या धुरीचा, नासक्या दुधाचा. बिरूचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या घोंगडीसाठी मी तोंड मिटून घेतलं, ती मी तंबूच्या कोपऱ्यात बॅगांच्या मागं सारली, आणि तिथं असेपर्यंत तिला हात लावला नाही. पद्मा मनाची चांगली होती. वास तिनं बोलून दाखवला आणि विसरून गेली, मला तिच्या रगात घेतलं. वाघ दोघींना पुरला. दिवसा बाई गाठी शिकवत होत्या, सपाट गाठ, खुंटीची गाठ, आणि माझ्या बोटांना त्या पटापट जमत होत्या, कारण आईच्या हातून मी याहून अवघड बघितल्या होत्या. बाईंनी सगळ्यांपुढं माझी पाठ थोपटली.

परत येताना साताऱ्याहून पॅसेंजर पकडली. कोरेगाव आलं तेव्हा मी वळकटी खिडकीशी घेऊन तयार बसले होते. आप्पा फलाटावर होते. मी हाक मारली. ते आले, खिडकीतून वळकटी घेतली, दोन्ही हातांनी, आणि तसेच उभे राहिले. मग आत बघून बाईंना म्हणाले, "बाई, पोरीला उतरू द्या." बाईंनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि माझी पिशवी काढून दिली.

मळा तासाभराच्या वाटेवर होता. आप्पा पुढं, वळकटी त्यांच्या खांद्यावर, मी मागं. मी बडबडत होते. गाठींचं सांगितलं, बाईंनी पाठ थोपटल्याचं सांगितलं, डोंगराचं सांगितलं. ते हूं म्हणत नव्हते, पण आप्पा तसे कमीच बोलायचे. अर्ध्या वाटेत मी विचारलं, "बिरू काय करतोय?" ते म्हणाले, "चल." कुत्रं पुढं धावत आलं नाही. पालापाशी पोहोचले तर तीन काठ्या जमिनीवर आडव्या पडल्या होत्या आणि झोळी कुठंच नव्हती. तेव्हा मला कळलं.

पुढं तुटक तुटक समजलं. काळ्या घोंगडीखाली पोर निजत नव्हतं, पाय झाडून झाडून ती लाथाडत होतं. आतून लुगडं लावलं तर ते सरकायचं. अंगावर लाल गांधी उठल्या, मग आईनं घोंगडी काढून नुसत्या लुगड्यात घेतलं. पहिल्या दोन दिवसांत दवही फार पडलं होतं. तिसऱ्या दिवशी छाती वाजायला लागली. कोरेगावच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून आप्पांना झापलं. माझी सून दवाखान्यात नोकरी करते, तिला एकदा मी दुसऱ्याच कुणाची म्हणून ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, तो जंतूंचा आजार, पांघरुणानं काय होतंय, मूल अशक्त असणार. बरोबर असेल तिचं. शिकलेली आहे. पण त्या मळ्यात ती नव्हती.

आई पालापुढं बसली होती. तिनं हात पुढं केला आणि आप्पांनी वळकटी तिच्या हातात दिली. मला वाटलं आता ती छाती पिटून घेईल. तिनं तसं काही केलं नाही. दोरीची गाठ शोधली आणि तिच्यावर अंगठा फिरवला. दोनदा आत, तिसऱ्यांदा उलटं.

"ही माजीच गाठ हाय," ती म्हणाली. "सोडलीच न्हाईस व्हय गं?"

चार दिवस जे पांघरूण बाळाच्या अंगावर असायचं होतं ते कुणाच्याच अंगावर नव्हतं, आणि हे आईला त्या गाठीवरून कळलं. मी काहीतरी थाप मारू शकले असते, उघडली होती, पुन्हा तशीच बांधली. पण तशी गाठ जगात एकाच बाईला येत होती. तिनं ती सोडली, घोंगडी मांडीवर पसरली, तिला नाक लावलं. मग आप्पांकडं न बघता, माझ्याकडंही न बघता बोलली. बिरूला आप्पांच्या काळ्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून ओढ्याच्या कडेला मातीत ठेवलं होतं, दुसरं घालायला काही नव्हतं. त्याच्याबद्दल ती बोलत होती.

"लय टोचत आसंल गं त्येला."

मी शाळा सोडली नाही. आत्याकडं परत गेले, गाईडमध्येही राहिले, कारण नाव काढून घ्यायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आईनं मला कधी एक शब्द लावला नाही. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं, हे मला मी लहान होते तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. आप्पा तर उलट. कुणी भेटायला आलं की सांगायचे, पोरीच्या शाळंनं जावळीच मागितली हुती, न्हाई म्हणून कसं चालंल? त्यात त्यांचा काही दोष नव्हता असं स्वतःला पटवण्यासाठी ते हे सांगत, आणि लोक माना डोलावत, की खरं आहे, शाळेला नाही कसं म्हणायचं. मी शेजारी बसून ऐकत असे. ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मला वाटायला लागलं, शाळेनं खरंच मागितली असेल.

पुढं मी शिक्षिका झाले. नेमणुकीचा कागद आला तेव्हा आईआप्पा गावी घरातच होते, मेंढरं बरीच कमी केली होती, थोडी शेती करत होते. आई मागच्या दारी शेणी थापत होती. आप्पा उंबऱ्यात बसले होते. "वाच बगू," ते म्हणाले. आणि मी वाचला, तशीच उभी राहून, तशीच ठसक्यात. नाव, हुद्दा, शाळा, "मुक्काम पोस्ट मेढा, तालुका जावळी." तोंडातून निघून गेल्यावर माझं मला ऐकू आलं.

आप्पांनी मान वर केली. "परत बोल. कुटला तालुका?"

आता खोटं बोलायची सोय नव्हती. कागदावर शिक्का होता. "जावळी," मी म्हटलं.

"जागंचं नाव हाय व्हय त्ये?"

"व्हय आप्पा."

"आन् तुजं ते शिबिर कुटं हुतं?"

"तिथंच."

त्यांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. मी वाट बघत होते. मला वाटलं आता विचारतील, तवाच का न्हाई बोललीस? मी उत्तरही तयार करत होते. ते विचारलंच नाही त्यांनी. उंबऱ्याच्या लाकडावर नखानं रेघा ओढत बसले आणि मग अगदी हळू, जणू कुठलं तरी कोडं सुटल्यासारखे म्हणाले, "म्हंजी कसलीबी चालली आसती."

मागच्या दारी थापीचा आवाज येत होता. आप्पांनी तिकडं एकदा बघितलं. "तुज्या आईला सांगू नगंस," ते म्हणाले.

त्या दिवसानंतर शाळेनं जावळी मागितली होती, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. चार वर्षांनी ते गेले. मी त्यांचा शब्द पाळला, आईला सांगितलं नाही. आप्पा गेल्यावर ती माझ्याकडं मेढ्याला राहायला आली, आणि बारा वर्षं राहिली. जावळी तालुक्यात बारा वर्षं. बाजारात, दवाखान्यात, बसच्या पाटीवर, दूधवाल्याच्या तोंडी, दिवसातून दहादा ते नाव कानावर पडणारच. मी रोज धसका घेऊन बसायचे की आज विचारील, उद्या विचारील. तिनं विचारलं नाही. घोंगडी तिनं सोबत आणली होती, ट्रंकेत तळाशी, कडुलिंबाच्या पाल्यात. वर्षातून एकदा उन्हात टाकायची आणि संध्याकाळी आत ठेवायची. ट्रंक आता माझ्या खाटेखाली आहे. तिची शेवटची गाठ आईच्या हातची आहे आणि मी ती सोडलेली नाही.

जत्रेला आम्ही दोघी गावी जायचो तेव्हा कुणी ना कुणी तिला विचारायचं, लेक कुठं असते? आई म्हणायची, मेढ्याला. ते म्हणायचे, कुठला तालुका म्हणायचा? तेव्हा ती माझ्याकडं बघायची, फार वेळ नाही, आणि पदर सावरत उठून आत जायची. तो शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही. घोंगडीलाही ती जावळी म्हणत नसे. म्हणायची, बाळाची.